तंबाखूचा हिशेब यकृताकडे

तंबाखू म्हटलं की आधी तोंड आठवतं, मग फुफ्फुस. यकृताचं नाव सहसा कुणी घेत नाही. पण शरीरात शिरलेल्या निकोटीनची विल्हेवाट मुख्यतः तेच लावतं; ७० ते ८० टक्के निकोटीनचं कोटिनिन नावाचं दुसरं रसायन होतं. तंबाखू चघळताना गिळलेली लाळ तर आतड्यातून शोषली गेली की आधी यकृताच्याच दारात येते.

गोम अशी, की विष मोडतानाच नवी विषं तयार होतात. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स ही रसायनं मुळात तेवढी उपद्रवी नसतात. यकृतातली विकरंच (एन्झाइम्स) त्यांना डीएनएला चिकटणारं रूप देतात. याच कामात फ्री रॅडिकल्सही सुटतात. फ्री रॅडिकल म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला रेणू. तो पेशीच्या आवरणातल्या मेदाम्लाचा हायड्रोजन ओरबाडतो. लुटलेला मेद शेजाऱ्याला लुटतो, तो पुढच्याला. आवरण गळकं झालं की आतली एएलटी, एएसटी ही विकरं रक्तात झिरपतात. लिव्हरच्या रिपोर्टमधले वाढलेले आकडे म्हणजे बहुतेकदा हीच गळती.

ही साखळी तोडायला आवरणातच ई जीवनसत्त्व बसलेलं असतं. आपला हायड्रोजन देऊन ते रॅडिकलला गप्प करतं आणि स्वतः रिकामं होतं. सी जीवनसत्त्व त्याला पुन्हा भरून देतं. यकृताची खरी मदार मात्र ग्लुटाथायोनवर. तीन अमिनो आम्लांचा हा छोटासा रेणू यकृत स्वतःच बनवतं. पॅरासिटामॉल अतोनात घेतलं की हाच साठा संपतो आणि पेशी मरू लागतात. तेव्हा देतात ते एन-असिटिलसिस्टीन म्हणजे ग्लुटाथायोनचाच कच्चा माल.

मग अशा रॅडिकल शमवणाऱ्या पदार्थांच्या, म्हणजे अँटिऑक्सिडंटच्या, गोळ्या घ्याव्यात आणि तंबाखू चालू ठेवावी? उंदरांना निकोटीनबरोबर ई जीवनसत्त्व दिलं तर यकृताची हानी कमी झालेली दिसते, हे खरं. पण फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निकाल १९९४ साली आला, तो उलटाच. बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त! तो अवयव वेगळा, मान्य. तरी धुराच्या माऱ्यात अँटिऑक्सिडंट स्वतःच ऑक्सिडाइज होऊन उलटू शकतं, एवढं मला सावध करायला पुरेसं आहे.

तंबाखू थांबली, की कोटिनिन दर १६ तासांच्या आसपास निम्मं होत जातं. तीन-चार दिवसांत त्यातलं जवळपास सगळं गेलेलं असतं.