चार्ल्स्टनचे न्यायाधीश वॉरिंग आणि एका अल्पमताच्या निकालामागचा इतिहास

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात चार्ल्स्टन शहरातल्या फेडरल न्यायालयाच्या इमारतीला माजी सिनेटर अर्नेस्ट हॉलिंग्ज यांचे नाव होते. ते हयात असतानाच, आणि त्यांच्याच आग्रहावरून, २०१५ साली ते काढून इमारतीला न्यायाधीश ज्युलियस वेटीज वॉरिंग यांचे नाव दिले गेले. याच वॉरिंग यांच्यावर महाभियोग चालवावा म्हणून १९५० साली राज्याच्या प्रतिनिधिगृहाने ठराव केला होता.

वॉरिंग काही बंडखोर घरातले नव्हते. जन्म १८८० चा, चार्ल्स्टनच्या जुन्या प्रतिष्ठित घराण्यातला. वडील यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले. वॉरिंग स्वतः शहराचे वकील होते आणि १९३८ च्या निवडणुकीत 'कॉटन एड' स्मिथ या कडव्या वर्णवर्चस्ववादी सिनेटरचा प्रचार त्यांनी सांभाळला होता. १९४२ मध्ये रूझवेल्ट यांच्या नेमणुकीने ते फेडरल जिल्हा न्यायाधीश झाले, तेव्हा त्यांची साठी उलटली होती. या वयात माणूस बदलेल, असे कोणाला वाटणार?

सुरुवातीचे निकाल शिक्षकांच्या पगाराचे होते. काळ्या आणि गोऱ्या शिक्षकांना समान वेतन द्या, एवढाच मामला. खरा धक्का बसला तो १९४६ मध्ये. आयझॅक वुडर्ड हा काळा सैनिक लष्करातून मोकळा होऊन, अंगावरच्या गणवेशानिशी बसने घरी निघाला होता. वाटेत बेट्सबर्गच्या पोलीसप्रमुखाने त्याला इतके मारले की त्याचे दोन्ही डोळे गेले. खटला वॉरिंग यांच्यापुढे चालला. ज्युरी पाच मिनिटांत परत येऊन न्यायालयाची शोभा करील, म्हणून वॉरिंग मुद्दाम फेरफटका मारायला बाहेर पडले. ज्युरीने अर्ध्या तासाच्या आत आरोपीला निर्दोष सोडले. वॉरिंग यांच्या पत्नी एलिझाबेथ रडतच बाहेर पडल्या.

पुढच्याच वर्षी मतदानाचा प्रश्न आला. राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारे मतदान, हीच खरी निवडणूक. त्यात काळ्यांना मत देता येऊ नये म्हणून विधिमंडळाने १९४४ मध्ये प्रायमरीसंबंधीचे सगळे कायदेच रद्द केले होते: पक्ष म्हणजे खासगी क्लब, सरकारचा संबंध काय! जॉर्ज एल्मोर यांच्या दाव्यात वॉरिंग यांनी ही पळवाट बुजवली आणि लिहिले, साउथ कॅरोलायनाने पुन्हा संघराज्यात सामील व्हायची वेळ आली आहे. यादवी युद्धाच्या वेळी संघराज्यातून फुटलेल्या राज्याला मारलेला हा टोला गोऱ्या चार्ल्स्टनने कधी माफ केला नाही. घरावर दगड पडले, बाहेर वर्णवर्चस्ववाद्यांच्या धमकीची खूण असलेला क्रॉस जळाला. १९४५ मधला घटस्फोट आणि दुसरे लग्न यांवरूनही गाव आधीच नाराज होते. सगळा राग केवळ तत्त्वाचा नव्हता.

मात्र माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम निकालपत्रात नाही, सुनावणीपूर्वीच्या एका सूचनेत आहे. क्लॅरेंडन काउंटीत गोऱ्या मुलामागे वर्षाला १७९ डॉलर खर्च होत, काळ्या मुलामागे ४३. काळ्या पालकांच्या वतीने नागरी हक्कांचे वकील थरगुड मार्शल यांनी समान सोयींची मागणी केली. १९५० च्या नोव्हेंबरात वॉरिंग यांनी त्यांना सुचवले, की ही याचिका मागे घ्या आणि गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळांच्या तत्त्वालाच आव्हान द्या. यातली मेख कार्यपद्धतीत होती. राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवा अशी मागणी असली, की खटला तीन न्यायाधीशांपुढे जाई आणि त्यावरचे अपील थेट सर्वोच्च न्यायालयात. तिघांत आपण एकटे पडणार, हे वॉरिंग जाणून होते. तसेच झाले. जून १९५१ मध्ये न्यायाधीश पार्कर आणि टिमरमन एका बाजूला, वॉरिंग दुसऱ्या. वॉरिंग यांच्या वेगळ्या निकालपत्रात आहे: विभक्तता हीच मुळात विषमता आहे.

१९५२ च्या फेब्रुवारीत, पूर्ण निवृत्तिवेतनाला लागणारी दहा वर्षांची सेवा होताच, ते पद सोडून न्यूयॉर्कला गेले. 'ब्रिग्ज विरुद्ध इलियट' हा क्लॅरेंडनचा खटला शाळांतल्या वर्णविभक्ततेविरुद्धच्या 'ब्राउन' खटल्यात जोडला गेला आणि १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने वॉरिंग यांचीच भूमिका घेतली.

खटला परत क्लॅरेंडनला आला तेव्हा पीठावर वॉरिंग नव्हते. १९५५ मध्ये पार्कर यांच्या पीठाने नोंदवले, की राज्यघटना भेदभावाला मनाई करते, एकत्रीकरणाची सक्ती करत नाही. या एका वाक्याच्या आधाराने दक्षिणेतल्या शाळांनी गोरी-काळी मुले एकत्र न आणता पुढची कित्येक वर्षे काढली.