उपाशीपोटी पाचशे किलोमीटर

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अ‍ॅडम्स नावाची नदी आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिच्या उथळ पात्रात लालभडक मासे दाटीवाटीने दिसतात. हे सॉकाय जातीचे सॅमन. पॅसिफिक महासागर सोडून, आधी फ्रेझर आणि मग थॉम्पसन नदीच्या प्रवाहाविरुद्ध सुमारे ५०० किलोमीटर पोहत ते जन्मस्थळी अंडी घालायला येतात.

गोड्या पाण्यात शिरल्यावर ते खाणं सोडतात. साठवलेली चरबी आधी संपते, मग स्नायू झिजू लागतात. समुद्रात हा मासा चंदेरी असतो, मांस मात्र लालसर. कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव खाऊन ते रंगद्रव्य मांसात साठलेलं असतं. आता तेच कातडीत आणि मादीच्या अंड्यांत उतरतं. डोकं हिरवट होतं, नराच्या पाठीवर कुबड येतं, जबडा आकड्यासारखा वाकतो.

एवढ्या पसाऱ्यातून नेमकी आपली नदी कशी सापडते? समुद्रात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दिशा दाखवतं; नदीत शिरल्यावर काम करतं नाक. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या आर्थर हॅस्लर आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात कोहो सॅमनची पिल्लं मॉर्फोलिन या रसायनाचा अगदी सौम्य वास असलेल्या पाण्यात ठेवली आणि मग मिशिगन सरोवरात सोडली. मोठी झाल्यावर ती ज्या ओढ्यात मॉर्फोलिन सोडलं होतं तिकडे वळली. लहानपणी नाकात बसलेला वास विसरला जात नाही, याचा इतका सुंदर पुरावा मला दुसरा माहीत नाही.

नदीकाठी शांत उभं राहिलं तर मादी आडवी होऊन शेपटीच्या फटक्यांनी गोट्यांत खड्डा करताना दिसते. तिची अंडी साधारण ३ ते ४ हजार. वाहून जाणाऱ्या अंड्यांवर टपलेले रेनबो ट्राउटही जवळच घुटमळत असतात. कोकणात पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात, ते अंडी घालून परतूही शकतात. सॉकायला परतीची वाट नाही. थोड्याच दिवसांत नर-मादी दोघंही मरतात. त्यांची कलेवरं अस्वलं, गरुड आणि किडे खातात. सॅमनच्या नद्यांकाठच्या झाडांत समुद्रातून आलेला नायट्रोजन सापडतो, तो यांच्याच देहातून.

हा प्रवास माणसाने एकदा जवळजवळ बंद पाडला होता. १९१४ साली रेल्वेमार्गाच्या कामामुळे फ्रेझरच्या हेल्स गेट या अरुंद घळीत दरड कोसळली, प्रवाह भयंकर वेगवान झाला आणि असंख्य मासे खालीच अडकून मेले. त्यांच्यासाठी बाजूने वाटा बांधायला १९४०चं दशक उजाडावं लागलं.

बहुतेक सॉकाय चार वर्षांचे होऊन परततात. अ‍ॅडम्समध्ये दर चौथ्या वर्षी येणारी पिढी इतरांहून खूप मोठी असते: २०१०, २०१४, २०१८, २०२२ अशी. पाहायला जाणार असाल तर पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा न्या, आणि पात्रात पाऊल मुळीच टाकू नका. त्या गोट्यांखाली वसंतापर्यंत अंडी आणि पिल्लं असतात.