डीएआरचा अर्ज : घोडं अडतं ते पूर्वज बाईच्या माहेरापाशी

'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' (डीएआर) ही १८९० सालची संस्था. १८ वर्षं पूर्ण झालेल्या कुठल्याही स्त्रीला सभासदत्वासाठी अर्ज करता येतो. फक्त अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला हातभार लावलेल्या पूर्वजाशी थेट रक्ताचं नातं सिद्ध व्हायला हवं. म्हणजे अमेरिकन घरात गेलेल्या मराठी सुनेला सासरच्या पूर्वजावर अर्ज करता येत नाही, तिच्या मुलीला येतो.

फॉर्म, फी, अलीकडच्या पिढ्यांचे दाखले हे सगळं होऊन जातं. अर्ज परत येतो तो अठराव्या शतकातल्या एखाद्या लग्न झालेल्या बाईवरून. तिचा बाप लढला होता, पण ती त्याचीच मुलगी हे दाखवणारा कागद नाही. जमीन नवऱ्याच्या नावे, कर नवऱ्याच्या नावे. १८५० पूर्वीच्या जनगणनेत नाव कुटुंबप्रमुखाचं, बाकीचे नुसते आकड्यात. आत्याचा जुना अर्ज मंजूर झाला होता म्हणून निर्धास्त राहू नका. तेव्हा चाललेला पुरावा आज चालेलच असं नाही, आणि त्यात भाचीची उगाच फरफट होते.

आधी बापाचं मृत्युपत्र शोधा, त्यात मुलीचं नाव अनेकदा सासरच्या आडनावासह असतं. मग जमीनविक्रीचे दस्त पाहा, कारण बायकोला आपला हक्क सोडल्याचं लिहून द्यावं लागे. न्यूयॉर्ककडच्या डच चर्चांच्या बाप्तिस्मा नोंदींत आईचं माहेरचं नाव मिळतं.

पण खरा खजिना विधवा पेन्शनच्या फायलींत. १८३६ च्या कायद्याने सैनिकांच्या विधवांना पेन्शन मिळू लागली आणि म्हाताऱ्या बायकांना स्वतःचं लग्न सिद्ध करायची वेळ आली. दाखला कुठून आणणार? कित्येकींनी घरच्या बायबलमधलं जन्म-लग्नाच्या नोंदींचं पान फाडून अर्जाला जोडलं, शेजाऱ्यांनी शपथेवर साक्षी दिल्या. या फायली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

तुमच्या घरी तसं बायबल असेल तर छपाईचं साल असलेल्या शीर्षकपानाचीही प्रत जोडा. ते साल नोंदींच्या नंतरचं निघालं तर त्या मागाहून लिहिल्या हे उघड होतं.

१७५२ पूर्वी इंग्रजांच्या वसाहतींत वर्ष २५ मार्चला बदलायचं, तेव्हा १ जानेवारी ते २४ मार्चमधल्या तारखा दोनदा तपासा. लग्नाच्या नोंदीतलं आडनाव माहेरचंच असेल असं धरू नका. ती विधवा असेल तर ते पहिल्या नवऱ्याचं असू शकतं. आणि वंश तिच्या नवऱ्याकडून दाखवत असाल, तर माहेरचं नाव कळलं नसल्यास जागा कोरी सोडा. ऑनलाइन वंशावळीतलं ऐकीव आडनाव तिथे उतरवू नका.