मेंदूतल्या नकाशाचा आकार

नागपुरात बर्डीच्या गर्दीतून झिरो माईलकडे निघालं, की चार वळणं घेतल्यावरही आपण कुठे आहोत ते कळत असतं. हा हिशेब ठेवणाऱ्या पेशी २००५ साली नॉर्वेतल्या माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूत सापडल्या. त्यांना ग्रिड पेशी म्हणतात. उंदीर मोकळ्या जागेत फिरत असताना अशी एकेक पेशी ठरावीक ठिकाणीच विद्युत स्पंद सोडते. ती ठिकाणं कागदावर मांडली की समभुज त्रिकोणांची जाळी उमटते. झिरो माईलचा खांब ज्या सर्वेक्षणाची खूण मानला जातो, त्यानेही देश त्रिकोण जोडत जोडतच मोजला होता. हे साम्य मला फार भावतं.

पण एकच पेशी अनेक ठिकाणी स्पंद सोडते, मग उंदीर नेमका कुठे? ते पेशींच्या समूहावरून कळतं. शंभर पेशींची एकाच वेळी नोंद घेतली तर दर क्षणाला शंभर आकडे मिळतात, म्हणजे शंभर अक्षांच्या अवकाशातला एक बिंदू. उंदीर फिरत राहतो आणि बिंदूंचा ढग साठत जातो. त्या ढगाला काही आकार आहे का?

शंभर मिती कुणाला दिसत नाहीत. म्हणून आधी ज्या मोजक्या दिशांना बिंदू जास्त पसरलेत, तेवढ्याच ठेवतात. मग येते टोपॉलॉजी, आकारांचा अभ्यास करणारी गणिताची शाखा. तिला अंतराशी, कोनाशी देणंघेणं नसतं. भोकं किती आणि पोकळ्या किती, एवढंच ती पाहते. प्रत्येक बिंदूभोवती एक गोळा हळूहळू फुगवायचा, शेजारचे गोळे एकमेकांना भिडू द्यायचे आणि कोणतं भोक किती टिकतं ते बघायचं. नोंदीतल्या गोंगाटामुळे पडलेली भोकं लगेच बुजतात, खरी मात्र बराच वेळ टिकतात. इतक्या साध्या कल्पनेत एवढी ताकद असावी, याचं नवल वाटतं.

२०२२ मध्ये मोझर यांच्या गटाने आणि गणितज्ञांनी मिळून हे करून पाहिलं. ढग निघाला हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबसारखा: दोन स्वतंत्र वेढे, आत एक पोकळी. जाळी दोन दिशांनी पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे ठरावीक अंतर गेलं की पेशींची अवस्था मूळ पदावर येते. उंदीर झोपला तरी तोच आकार राहिला. म्हणजे तो भोवतालच्या जागेतून येत नाही, पेशींच्या आपसातल्या जोडणीतूनच येतो.

ग्रिड पेशी असलेला मेंदूचा भाग, एन्टोरायनल कॉर्टेक्स, अल्झायमरमध्ये सुरुवातीलाच बाधित होतो. नागपूरच्या महाल भागातल्या जन्मभराच्या ओळखीच्या गल्लीत एखादी आजी वाट चुकते, तेव्हा तिच्या मेंदूतल्या या आकाराचं काय झालेलं असतं, हे मोजायला आता निदान गणिताची भाषा तरी हाताशी आहे.