जास्त मेगापिक्सेल म्हणजे चांगला फोटो? नाही!

फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेरा बघायला आलेलं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "किती मेगापिक्सेल?" मेगापिक्सेल म्हणजे फोटोतले दहा लाख ठिपके (पिक्सेल). आकडा मोठा तेवढा फोटो झकास, हा समज जुना आहे आणि चुकीचा. 6×4 इंची प्रिंटला 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) जेमतेम 2.2 मेगापिक्सेल लागतात, ए4ला 8.7. फोटो क्रॉप करायचा, म्हणजे कापून छोटा करायचा नसेल तर त्यापुढचे बहुतेक मेमरी कार्ड भरायला.

खरा फरक पडतो सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपच्या आकाराने. स्वस्त कॉम्पॅक्टमधला 1/2.3 इंची सेन्सर साधारण 6.2×4.6 मिमीचा, तर लेन्स बदलता येणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांमधला एपीएस-सी सेन्सर 23.5×15.6, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास 13 पट. कॉम्पॅक्टच्या चिमुकल्या सेन्सरवर 20 मेगापिक्सेल कोंबले की एकेका पिक्सेलच्या वाट्याला उजेड कमी येतो. मग संध्याकाळी लोकलच्या डब्यात फोटो काढताना कॅमेरा आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 1600वर नेतो, दाणे उठतात, आणि ते घालवताना सॉफ्टवेअर चेहऱ्यावरचे बारकावेही पुसून टाकतं.

बजेट कमी असेल तर 16 मेगापिक्सेलचा सेकंडहँड एपीएस-सी कॅमेरा बिनधास्त घ्या. फक्त लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबईच्या दमट हवेत ती फोफावते आणि साफ केल्यावरही काचेच्या कोटिंगवर डाग राहू शकतो. अशी लेन्स फुकट दिली तरी नको.