जुनं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर का चालत नाही, आणि कसं चालवायचं

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा एखादा प्रोग्रॅम जुन्या सीडीवरून नव्या लॅपटॉपवर कॉपी केला, डबल क्लिक केलं आणि विंडोजने सांगितलं की हे अ‍ॅप या पीसीवर चालणार नाही, तर बहुतेकांना वाटतं की फाईल खराब झाली. बऱ्याचदा फाईल अगदी ठणठणीत असते, एक बिटसुद्धा इकडचा तिकडे झालेला नसतो, पण तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने जे जे गृहीत धरलं होतं ते आता त्या मशीनमध्ये राहिलेलं नसतं.

सगळ्यात आधी प्रोसेसर. प्रोग्रॅम म्हणजे शेवटी आकड्यांची लांबलचक रांग, आणि कुठल्या आकड्याचा अर्थ काय हे प्रोसेसरचं घराणं ठरवतं. इंटेलच्या चिपला जी आज्ञा म्हणून कळते ती एआरएमच्या चिपला (मोबाईलमध्ये असते त्या घराण्यातल्या) कळत नाही, कारण दोघांचे आकडेच वेगळे. इंटेलने १९७८ च्या ८०८६ पासून जुन्या आज्ञा चालू ठेवायचा बराच आटापिटा केला, १९८५ च्या ३८६ मध्ये तर डॉस या विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे जुने प्रोग्रॅम चालवण्यासाठी एक खास मोडच दिला होता. मग एएमडी या दुसऱ्या चिप कंपनीने ६४ बिटांची रचना केली, म्हणजे चिप एका वेळी ६४ बिटांचा आकडा हाताळते (८०८६ चा १६ आणि ३८६ चा ३२ बिटांचा होता), त्या रचनेच्या चिप २००३ मध्ये आल्या, आणि चिप ६४ बिट मोडमध्ये असताना तो खास मोड वापरता येत नाही असं ठरलं. मायक्रोसॉफ्टनेही ६४ बिट विंडोजमधून १६ बिट प्रोग्रॅमचा सपोर्ट काढला आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटचीच येते, त्यामुळे तिथे हा दरवाजा कायमचा बंद. यात एक गंमतही आहे, कित्येक प्रोग्रॅम स्वतः ३२ बिटचे असतात म्हणजे आजही चालू शकतील, पण त्यांचा इन्स्टॉलर १६ बिटचा असल्यामुळे ते इन्स्टॉलच होत नाहीत! अशा काही ठरावीक इन्स्टॉलरना ६४ बिट विंडोज ओळखते आणि गुपचूप त्यांच्या जागी ३२ बिटचा इन्स्टॉलर चालवते.

यावरचा सरळ उपाय म्हणजे एमुलेटर. जुनं अख्खं मशीन, म्हणजे प्रोसेसर, मेमरी, साउंड कार्ड, टायमर, सगळं सॉफ्टवेअरमध्ये उभं करायचं आणि जुन्या प्रोग्रॅमला त्यात सोडायचं. २००२ मध्ये आलेला डॉसबॉक्स हेच करतो. एक आज्ञा वाचा, तिचा अर्थ लावा, तसं करा, मग पुढची, ही पद्धत सोपी आहे पण हळू, कारण जुन्या एका आज्ञेसाठी नव्या चिपला बऱ्याच आज्ञा चालवाव्या लागतात. म्हणून मग दुसरी युक्ती आली, कोडचा तुकडा एकदाच नव्या चिपच्या आज्ञांमध्ये बदलून ठेवायचा आणि पुन्हा तोच तुकडा आला की तयार रूप वापरायचं. दुभाष्याने प्रत्येक वाक्य दरवेळी नव्याने सांगण्याऐवजी पानाचं भाषांतर लिहून ठेवावं तसं. फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये आणलेल्या क्यूएमू या एमुलेटरचा वेग यातूनच येतो.

अ‍ॅपलने मॅकची चिप तीनदा बदलली, १९९४, २००६ आणि २०२० मध्ये, आणि तिन्ही वेळा जुने प्रोग्रॅम चालवायची सोय सोबत दिली. २०२० मध्ये मॅक इंटेलवरून एआरएमवर आले, तेव्हाच्या सोयीचं नाव रोझेटा २, आणि त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. इंटेलच्या चिपमध्ये एका कोअरने (चिपमधल्या अनेक प्रोसेसरपैकी एकाने) मेमरीत आधी हे आणि मग ते लिहिलं तर बाकीच्या कोअरनाही ते त्याच क्रमाने दिसतं, एआरएममध्ये तशी खात्री नसते. नुसत्या सॉफ्टवेअरने हा क्रम पाळायचा तर वेग खूप पडला असता, म्हणून अ‍ॅपलने एम१ चिपमध्येच इंटेलसारखा क्रम पाळणारा एक मोड टाकला. म्हणजे जुन्या प्रोग्रॅमसाठी नव्या सिलिकॉनमध्ये जागा ठेवली!

वाईन या सॉफ्टवेअरचा मार्ग अगदी वेगळा. १९९३ पासून चालू असलेला हा प्रकल्प प्रोसेसरची नक्कल करत नाही, फक्त विंडोजला विचारले जाणारे प्रश्न (फाईल उघड, खिडकी काढ, आवाज वाजव) लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर स्वतः हाताळतो. त्यामुळे विंडोज ३.१ च्या काळातले काही प्रोग्रॅम आजच्या विंडोजवर चालत नाहीत पण ६४ बिट लिनक्सवर वाईनमध्ये चालतात.

पण माझ्या मते खरी अवघड गोष्ट चिप किंवा ऑपरेटिंग सिस्टिम नाहीच, वेळ आहे. प्रोग्रॅम लिहायच्या टर्बो पास्कल या साधनातला सीआरटी नावाचा तयार कोड वापरणारे हजारो प्रोग्रॅम सुरू होताना एक मोजणी करायचे. घड्याळाच्या एका टिकमध्ये, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदात, रिकामा लूप किती वेळा फिरतो ते मोजायचं, त्याला ५५ ने भागायचं आणि उत्तर १६ बिटांत ठेवायचं, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५. लिहिणाऱ्यांना हे भरपूर वाटलं असणार. पण नव्वदीच्या शेवटी चिप इतक्या वेगवान झाल्या की उत्तर १६ बिटांत मावेना, आणि प्रोग्रॅम 'रनटाइम एरर २००' दाखवून सुरू होतानाच बंद पडायला लागले. मशीन वेगवान झालं म्हणून प्रोग्रॅम मेला! प्रोसेसरच्या वेगावरच चालणाऱ्या जुन्या गेम्सचंही असंच, नव्या मशीनवर खेळणाऱ्याला काही कळायच्या आत खेळ संपतो, म्हणून डॉसबॉक्समध्ये वेग मुद्दाम कमी करायची सेटिंग असते. आणि प्रत्येक चिपची वेळ तंतोतंत पाळायची म्हटलं तर उलटा खर्च येतो. सुपर निन्टेन्डो या जुन्या गेम कन्सोलचा प्रोसेसर जेमतेम ३.५८ मेगाहर्ट्‌झचा, पण त्याची पूर्ण अचूक नक्कल करणाऱ्या बीस्नेस या एमुलेटरला २०११ च्या सुमारास ३ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा प्रोसेसर लागायचा.

काही जुने प्रोग्रॅम तर स्वतःच्या चुकीवर उभे असतात. सिमसिटी या गेमच्या विंडोज ३.x आवृत्तीत नुकतीच परत केलेली मेमरी पुन्हा वाचायची चूक होती, जुन्या विंडोजवर ती खपून जायची. विंडोज ९५ च्या चाचणीत गेम बंद पडायला लागला तेव्हा मायक्रोसॉफ्टने गेम न बदलता विंडोजच बदलली, सिमसिटी चालू आहे असं दिसलं की मेमरी लगेच मोकळी करायची नाही. असलं काम कुणाला दिसत नाही, पण माझ्या मनात त्यासाठी फार आदर आहे.

तुमच्याकडे असा काही प्रोग्रॅम असेल तर डॉसच्या काळातला डॉसबॉक्समध्ये घाला, विंडोज एक्सपीच्या काळातला असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (तुमच्याच प्रोसेसरवर चालणारा, सॉफ्टवेअरने उभा केलेला कॉम्प्युटरातला कॉम्प्युटर) एक्सपी टाकून चालवा, मात्र त्या मशीनला इंटरनेट देऊ नका कारण एक्सपीचे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट एप्रिल २०१४ मध्येच थांबले. एआरएमवाल्या मॅकवर एक्सपीसाठी साधं व्हर्च्युअल मशीन पुरत नाही, तिथे यूटीएमसारखं एमुलेशन करणारं सॉफ्टवेअर घ्या, हळू चालेल पण चालेल. आणि ड्राइव्ह वाचतोय तोवर मूळ सीडी-फ्लॉपीची पूर्ण इमेज (डिस्कची जशीच्या तशी प्रत) काढून ठेवा, नुसत्या फाईल कॉपी करू नका, कारण काही प्रोग्रॅम डिस्कवरच्या विशिष्ट खुणा तपासतात, आणि सिरीयल नंबर त्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवा.