गेटवरचं मत आणि बाकावरचं मत

"शाळा कशी आहे हो?" जून महिन्यात हा प्रश्न मला दिवसातून दहा-बारा वेळा ऐकावा लागतो. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान कोल्हापुरातल्या एका मोठ्या हायस्कूलच्या गेटसमोर आहे. पाचवी ते बारावी, दोन सत्रं, एकेका इयत्तेच्या सहा-सहा तुकड्या. नाव सांगत नाही, कारण उद्या सकाळी शटर उघडायचं आहे ते त्याच गेटसमोर. शिवाय जे सांगणार आहे ते शहरातल्या कुठल्याही मोठ्या हायस्कूलला लागू पडेल. (आपल्याकडं पाटीवर 'पब्लिक स्कूल' लिहिलेलं असलं की ती हटकून खासगी, फीवाली शाळा निघते. मी त्यांच्याबद्दल बोलत नाही. भाजीवालीची पोरगी आणि बँकेतल्या साहेबांची पोरगी एका बाकावर बसतात, त्या अनुदानित हायस्कूलबद्दल बोलतोय.)

तर प्रश्न आला की मी उलट विचारतो, "कुठलं मत पाहिजे? गेटवरचं का बाकावरचं?" लोक हसतात. पण ही दोन मतं आपण सर्रास एकात मिसळतो आणि मग जुलैत कपाळाला हात लावतो. वरवर बघितलं तर सोपं आहे: गेटवरचं मत पालकांचं, बाकावरचं मत पोरांचं. पण तसंही नसतं.

माझ्याकडं एक गृहस्थ येतात. मुलाला इथंच घालायचं हे त्यांचं मुलगा जन्माला यायच्या आधीपासून ठरलेलं. "लय भारी शाळा. आमच्या वेळचे सर म्हणजे!" आता हे पालक बोलले असं तुम्ही धरणार. पण बोलला तो १९९४ सालचा विद्यार्थी. त्याचं मत बाकावरचंच आहे, फक्त तो बाक केव्हाच भंगारात गेलाय आणि ते सर निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. कोल्हापुरात ही भानगड फार. बाप, चुलता, आत्या, सगळे एकाच शाळेचे, आणि सगळ्यांची मतं तीस वर्षांपूर्वीची. उलट त्यांच्याच मुलाला विचारलं तर तो म्हणतो, "शाळेचं नाव आहे काका." नाव आहे! तेरा वर्षांच्या पोराची ही भाषा नव्हे, घरातल्या जेवणाच्या ताटावरची आहे. म्हणजे पालकाच्या तोंडी बाकावरचं मत आणि पोराच्या तोंडी गेटवरचं. मत कुणी सांगितलं हे बघून चालत नाही, सांगणारा कुठं उभा राहून बघतोय ते बघावं लागतं.

सगळ्यात जास्त घोळ 'शिस्त' या शब्दाचा. अकराच्या ठोक्याला आमच्या समोरचं गेट बंद होतं. शिपाईमामा कडी घालतात तो आवाज मला गल्ल्यावर ऐकू येतो. स्कूटरवरून पोरगी सोडायला आलेली आई हे रोज बघते आणि सोसायटीत जाऊन सांगते, "शिस्त कडक आहे हां तिथं." खरं आहे, तिनं डोळ्यांनी बघितलंय. आता गेटच्या आत-बाहेर बघा. पन्हाळ्याकडच्या एका गावातून नववीतली एक मुलगी एसटीनं येते. गंगावेशीत उतरते आणि तिथून दप्तर सावरत पळत येते. गावाकडच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, योजना चांगली आहे, पण गाडी किती वाजता येणार हे पासावर लिहिलेलं नसतं. पावसाळ्यात तर विचारूच नका. अकरा वाजून चार मिनिटांनी ती गेटवर पोचते. प्रार्थना, प्रतिज्ञा संपेपर्यंत बाहेर. मग वहीत नाव, मग वर्गाबाहेर उभं. पहिला तास गणिताचा. आठवड्यातून दोनदा असं झालं तर महिन्यात आठ तास गणित दारातून ऐकायचं.

मी तिला एकदा विचारलं, शिस्त कशी आहे गं शाळेची? तिची तक्रार गेट बंद होण्याबद्दल नव्हतीच. ती म्हणाली, "बाजूचं दार उघडं असतंय काका, पण ते सगळ्यांना नसतंय." एवढंच. बाकावर 'शिस्त' म्हणजे कडकपणा नाही, सगळ्यांना एकच माप लागतं का, ते. पोरं कडक मास्तर सहज सोसतात. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं करणारा मास्तर त्यांना सोसत नाही. आणि हे गेटवरून कधीच दिसत नाही, कारण बाजूचं दार गल्लीत आहे.

'चांगले सर' हाही असाच दुहेरी शब्द. पालकाला चांगले सर म्हणजे पोर्शन वेळेत संपवणारे, सभेत नीट बोलणारे, फोन उचलणारे. पोरांना चांगले सर म्हणजे गाईडमधून फळ्यावर न उतरवणारे आणि पासष्टजणांच्या तुकडीत नावानं हाक मारणारे. एखादा माणूस दोन्हीत बसतो, नाही असं नाही.

पण खरी बातमी 'ऑफ तास' या दोन शब्दांत असते. पालकांच्या बोलण्यात हे दोन शब्द मी क्वचितच ऐकले, पोरांच्या बोलण्यात रोज. अनुदानित शाळेत एखादे सर दिवाळीला निवृत्त झाले म्हणून दिवाळीनंतर नवे सर येतात असं नाही. पटावरून संच मान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते सरकार ठरवतं, त्यावर पदं मंजूर होतात, मग पवित्र पोर्टल या सरकारी संकेतस्थळावरून भरतीची वाट बघायची. त्यात निवडणूक लागली की असलेले शिक्षकही मतदार याद्या घेऊन बाहेर. तेवढ्या काळात वर्गात कोण असतं? दुसऱ्या विषयाच्या बाई येतात आणि म्हणतात, शांत बसा, आपापलं वाचा. मला हे कसं कळतं? माझ्या विक्रीवरून. गाईडं साधारण जानेवारीनंतर उठतात. एखाद्या वर्षी नोव्हेंबरातच भूमितीची गाईडं संपली आणि बाकीच्या विषयांची तशीच पडून राहिली, की मी समजतो, भूमितीला सर नाहीत. पालकांना हे फेब्रुवारीत, सराव परीक्षेचा पेपर घरी आल्यावर कळतं. मग ते येऊन माझ्याकडंच विचारतात, "क्लास चांगला कुठला हो?"

निकालाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात फारसं काही उरलेलं नाही. गेटच्या वरच्या फलकावर टक्केवारी झळकते आणि गेटवरच्या मताचा निम्मा पाया तोच असतो. पण २०२५ साली दहावीचा अख्ख्या राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा मिळून असलेला आपला कोल्हापूर विभाग त्याच्याही वर होता. राज्यच जिथं नव्वदीच्या पुढं आहे, तिथं फलकावरच्या पंच्याण्णव टक्क्यांनी एक शाळा दुसरीपासून वेगळी कशी काढायची? त्यातही शंभरातले वीस गुण अंतर्गत, शाळेच्या हातातले. फलकावर नसतं ते एवढंच, की पहिल्या दहातली किती पोरं शाळेवर शिकली आणि किती क्लासवर. ते बाकावर सगळ्यांना पाठ असतं.

आठवी आणि नववी यांच्यामध्ये मत पलटतं, हे मात्र ध्यानात ठेवा. आठवीपर्यंत पुस्तकं सरकारकडून मोफत मिळतात, दुपारचा पोषण आहार असतो. नववीत दोन्ही बंद. म्हणून आठवीपर्यंत "काही खर्च नाही बघा" म्हणणारा बाप नववीच्या जूनमध्ये माझ्या दुकानात बिल बघून म्हणतो, "शाळा आता पहिल्यासारखी राहिली नाही." शाळा तीच असते. पोराचंही तसंच: मधल्या सुट्टीत ज्या रांगेत मित्र भेटायचे ती रांगच संपते, आणि डबा कुणाबरोबर खायचा हा नवा प्रश्न पडतो. पाचवीतल्या पोराचं मत ऐकून दहावीचा अंदाज बांधू नका.

खेळाचं तर काय सांगावं. फुटबॉलवेड्या गावात मैदान असलेली शाळा म्हणजे बाकावर पैकीच्या पैकी. घरी मात्र "त्या फुटबॉलपायी वर्ष घालवणार हा" अशी ओरड. पुढं कुणीतरी सांगतं की स्पर्धा खेळलं तर दहावीला क्रीडा गुण मिळतात, मग तोच बाप बूट घ्यायला घेऊन जातो.

आता जरा नाजूक विषय. सहावी-सातवीतल्या मुलींच्या आया मला सांगतात, "पाण्याची बाटली भरून देते, तशीच परत आणती. आळशी नुसती." मी कधी काही बोललो नाही, पण हिशेब करून बघितला. समजा दुपारच्या सत्रात सहाशे मुली आहेत आणि चालू अवस्थेतली शौचालयं दहा. लहान सुट्टी दहा मिनिटांची. एकीला दोन मिनिटं धरली, तर दहा मिनिटांत एका शौचालयात पाचजणी, सगळी मिळून पन्नास. साडेपाचशे मुली राहिल्या. त्यात वरच्या वर्गातल्या पुढं घुसतात, कडी मोडलेल्या दारापाशी मैत्रीण उभी करावी लागते, आणि घंटा झाली की तासाला उशीर, म्हणजे परत शिस्त आलीच. पोरींनी यावर उपाय काढला: पाणीच प्यायचं नाही. भरलेल्या बाटलीचा अर्थ हा आहे. प्रवेशाच्या वेळी शाळा बघायला आलेल्या पालकांना संगणक कक्ष दाखवतात, प्रयोगशाळा दाखवतात. 'सोयी चांगल्या' हे मत तिथं तयार होतं. संगणक कक्षाचं कुलूप आठवड्यातून किती वेळा निघतं, हे बाकावरच्याला विचारावं.

म्हणजे पालकांना काही कळत नाही असं मला म्हणायचंय का? अजिबात नाही. पोरांना न दिसणारं बरंच काही गेटवरून दिसतं. कडक वाटलेल्या बाईंमुळं धाकटा वळणावर आला, हे आईला दिसतं, त्याला पुढच्या दहा वर्षांत दिसेल. फीचा भार, येण्या-जाण्यातला धोका, अकरावीला पुढं काय, हे पोरांच्या गावीही नसतं. पोराचं मत कालच्या दिवसाचं असतं: काल छडी बसली तर शाळा बेकार, आज सर गैरहजर तर शाळा एक नंबर. त्यामुळं एका दिवसाच्या मतावर कुणी पोराला शाळेतून काढू नये. माझं म्हणणं एवढंच, की गेटवरच्या मताला जेवढी अधिकृत जागा आहे तेवढी बाकावरच्याला नाही.

याच गावात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. पालकाचं मत कुणी विचारत नव्हतं, आणि बरंच झालं म्हणायचं. आज १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंतच्या शाळेत व्यवस्थापन समिती आणली, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला. अनुदानित शाळेत तिचं काम सल्ल्यापुरतंच, हे खरं. दंड भरणारा खुर्चीवर आला, चांगली गोष्ट. पण त्या कलमात स्थानिक प्रतिनिधी आहेत, पालक आहेत, शिक्षक आहेत. ज्याच्यासाठी एवढं सगळं, तो बाकावरचा त्या यादीत नाही. समितीत कडी मोडलेल्या दाराचा विषय यायला आधी कुणाच्या तरी मुलीनं घरी तोंड उघडावं लागतं.

तेव्हा चौकशी करायचीच असेल तर 'कशी आहे' हे विचारू नका. त्याचं उत्तर दोन्हीकडून 'चांगली आहे' हेच येतं. पोराला विचारा: मधल्या सुट्टीत कुठं बसतोस? काल ऑफ तास किती झाले? उशीर झाला तर काय करतात? आणि पालकाला विचारा: वर्गशिक्षकांना शेवटचं कधी भेटलात, आणि कशासाठी? पोरांना हे प्रश्न घोळक्यात विचारू नयेत. घोळक्यात सगळेच शूर असतात.

परवाची गोष्ट. ते १९९४वाले गृहस्थ पुतणीला घेऊन आले होते. सहावीला नवा प्रवेश. वह्या, कव्हरं, कंपास झालं, मग म्हणाले, "मालक, बाटली दाखवा एक. एक लिटरची द्या, लेकरू दिवसभर शाळेत असतंय." मी निळी काढून काउंटरवर ठेवली. शेजारी एसटीनं येणारी ती नववीतली मुलगी जर्नलचे कागद मोजत उभी होती. तिनं बाटलीकडं बघितलं, नव्या पोरीकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "अर्ध्या लिटरची घे."

"का गं?" काकांनी विचारलं.

"दप्तराला जड होती," ती म्हणाली, आणि पैसे ठेवून गेटकडं पळाली. अकराला दोन मिनिटं कमी होती.